पॅच अँटेना करताय? आधी तंबोऱ्याची तार दाबून बघा

सांगलीत ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) फायनल इयरला मी २.४५ गीगाहर्ट्झचा मायक्रोस्ट्रिप पॅच, म्हणजे सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या चौकोनी पट्टीचा अँटेना, केला होता, आता ज्युनिअर पोरं विचारतात की सॉफ्टवेअर कुठलं शिकू. मी म्हणतो आधी वही घे. एफआरफोर (नेहमीचा फायबरग्लासचा सर्किट बोर्ड), जाडी १.६ मिमी, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हा जितका जास्त तितकी बोर्डात लाट आखूड) ४.४ धरला की पॅच साधारण ३७ बाय २९ मिमी येतो, इथपर्यंत सगळ्यांना जमतं. गाडी अडते ती फीड, म्हणजे सिग्नल आणणारी लाईन, कुठं जोडायची यावर.

मी ५० ओहमची लाईन (रुंदी ३ मिमीच्या आसपास) सरळ कडेला जोडली आणि रिटर्न लॉसचा ग्राफ (किती सिग्नल अँटेनात न जाता परत येतो ते, जितका खाली तितकं चांगलं) मायनस ३-४ डीबीच्या खाली जाईचना, आठवडाभर नुसती लांबी-रुंदी बदलत बसलो. त्याच दिवसांत मित्राचा तंबोरा घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो, तिथं तार दाबून बघताना डोक्यात लख्ख पडलं. घोडीजवळ तार ताठ, बोटाला हलत नाही, मधोमध सहज हलते. पॅचमध्येही लांबीत अर्धी लाट मावते: कडेला करंट जवळजवळ शून्य आणि व्होल्टेज जास्तीत जास्त, मध्ये बरोब्बर उलटं. इम्पीडन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणून कडेला तो दोन-अडीचशे ओहम असतो आणि मध्याकडे जाताना शून्याकडे घसरतो, कोसाइनच्या वर्गाने. लाईनशी जुळायला अडीचशेचे ५० करायचे तर पॅचमध्ये खाच पाडून लाईन कडेपासून साधारण १० मिमी आत न्यायची. पण खाच पाडली की फील्ड थोडं बदलतं, त्यामुळं सिम्युलेशनमध्ये खाचेची खोली ८ ते ११ मिमी बदलत स्वीप लावाच, आणि मॉडेलमध्ये अँटेनाभोवती हवेचा डबा पाव वेव्हलेंग्थ म्हणजे ३१ मिमी तरी ठेवा, नाहीतर लाट भिंतीवरून परत येते आणि तुम्ही त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून बसता.

बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये एच केला (नको असलेलं तांबं विरघळवलं), नॅनोव्हीएनए (रिटर्न लॉस मोजायचं छोटं यंत्र) केबलच्या टोकाशी ओपन-शॉर्ट-लोडने (टोक मोकळं, जोडलेलं आणि ५० ओहम लावून) कॅलिब्रेट करून लावला, तर ग्राफचा खड्डा २.५१ गीगाहर्ट्झवर! मॅचिंग छान पण फ्रिक्वेन्सी सरकलेली. स्वस्त एफआरफोरचा कॉन्स्टंट लॉटप्रमाणे बदलतो, मॉडेलमध्ये ४.२ टाकल्यावर ग्राफ मापाशी जुळला. त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर लांबी २९.५ मिमी करून दुसरा पॅच काढला, तो २.४५ च्या अगदी जवळ बसला.