उत्तर देण्याआधीचा एक श्वास

"यात मीठ टाकलंयस का?" जेवताना नवऱ्याने विचारलं. प्रश्न साधाच, पण ऑफिसात डोकं पिकलेलं, वर लोकलची गर्दी. मी म्हणाले, "उद्यापासून तूच कर स्वयंपाक." पुढचं जेवण मुकाट्यानं झालं.

पंचशील, म्हणजे बौद्ध धम्मातले पाच नियम, मला लहानपणापासून पाठ आहेत. चौथं शील, 'मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि', म्हणताना वाटायचं, आपण खोटं बोलत नाही, म्हणजे झालं पाळून. पण सम्यक वाचेत, म्हणजे बुद्धांनी सांगितलेल्या योग्य बोलण्यात, चार गोष्टी टाळायच्या असतात: खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि पोकळ बडबड. मी तिसऱ्यातच गटांगळ्या खात होते. बोलताना सजग कसं राहायचं, पालीत ज्याला 'सति' म्हणतात ती जिभेपर्यंत कशी आणायची, याची मला जमलेली रीत अशी.

सुरुवात अंगापासून करा. राग शब्दांच्या आधी शरीरात येतो. माझे कान तापतात, जबडा आवळतो. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धांच्या उपदेशात, शरीर, वेदना, चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय) या चार ठिकाणी लक्ष ठेवायला सांगितलंय. इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कुठलीही जाणीव. कुणी टोचून बोललं की मनात एवढंच म्हणा, 'कान तापले.' राग दाबू नका, ओळखा. एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या. समोरच्याला एवढी उसंत जाणवतही नाही. पहिले काही दिवस हे भांडण संपल्यावरच आठवेल, चालेल. सराव मात्र रिक्षावाल्यापासून, दूधवाल्यापासून सुरू करा. सासूबाईंपासून नको.

ऐकताना फोन पालथा ठेवा. आपण मनात उत्तराची जुळवाजुळव करतोय असं लक्षात आलं की परत समोरच्याच्या शब्दांवर या.

मग तोंड उघडण्याआधीची चाळणी. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या वाचा सुत्तात चांगल्या बोलण्याची पाच लक्षणं आहेत: वेळेवर, खरं, मृदू, हिताचं आणि मैत्रीभावनेनं बोललेलं. ऐनवेळी पाचही आठवत नाहीत. मी दोनच धरलीत: खरं आहे का, आणि आत्ताच बोलायला हवं का? दुसऱ्या प्रश्नानं मला जास्त वाचवलंय. मुलाचे मार्क कमी आलेत हे खरंच, पण ते पाहुण्यांसमोर काढायचे का? रागात लिहिलेला लांबलचक व्हॉट्सॲप मेसेज रात्री पाठवू नका, सकाळी वाचून ठरवा.

याचा अर्थ सतत गोड बोला असा नाही. अभयराजकुमार सुत्तात राजकुमाराच्या मांडीवर तान्हं बाळ असतं. याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर काय करशील, असं बुद्ध विचारतात. रक्त आलं तरी बोटानं काढीन, राजकुमार म्हणतो, कारण मला त्याची कणव आहे. खरं आणि हिताचं असेल तर कडूही बोलावं, वेळ बघून. म्हाताऱ्या वडिलांना 'बाबा, आता स्कूटर बंद करा' सांगणं त्यातलंच.

आणखी एक, आपल्याकडे यात फार गल्लत होते. अबोला म्हणजे मौन नव्हे. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात आर्य मौन असतं, खाणाखुणाही करायच्या नसतात. पण त्यात कुणाला शिक्षा नसते. घरातला अबोला भांडी आपटून बोलतच असतो. थांबायचंच तर सांगून थांबा: "आत्ता मला राग आलाय, अर्ध्या तासानं बोलू." आणि अर्ध्या तासानं स्वतःहून जा. हे दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे.

शेवटी, मागे वळून बघा. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला विचारलं होतं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, तो म्हणाला. तसंच प्रत्येक कृती, प्रत्येक बोलणं करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावं. चुकलं तर ते उघडपणे कबूल करावं. झोपण्यापूर्वी दिवसातलं एकच बोलणं आठवा. माफी मागायची तर 'चुकलं माझं, पण तूही...' यातला 'पण' गिळून टाका.

त्या रात्री दिवा मालवताना मी एवढंच म्हणाले, "मीठ खरंच कमी होतं."

"माहितीय," तो म्हणाला. "मी वरून घेतलं होतं."