चार फुटी फिश टँक नव्या घरात नेताना

घर बदलायचं ठरलं की सोफा, कपाट, फ्रिज यांचं फारसं कोणी टेन्शन घेत नाही, पॅकिंगवाले येतात आणि उचलून नेतात, पण हॉलमध्ये चार फुटी फिश टँक असेल ना तर त्याच्यासमोर सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात. मी आत्तापर्यंत दोनदा टँक शिफ्ट केलाय. पहिल्यांदा पार वाट लावली होती, दुसऱ्यांदा एकही मासा गेला नाही, त्या दोन्ही वेळचं जे डोक्यात राहिलंय ते लिहितोय.

आधी वजनाचं बघू, कारण नव्या घरात जागा ठरवताना लोक फक्त "इथे छान दिसेल" एवढंच बघतात. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. माझा टँक १२० × ४५ × ६० सेमी, म्हणजे काठोकाठ भरला तर ३२४ लिटर. काच १० मिमीची, तिचं वजन चौरस मीटरला २५ किलो आणि एवढ्या टँकला साधारण अडीच चौरस मीटर काच लागते, झाले ६३ किलो. वाळूचा ५ सेमीचा थर धरला तरी ४० किलोच्या वर जातो, वर दगड, लाकूड, स्टँड. सगळं मिळून साडेचारशे किलोच्या घरात. म्हणजे सात मोठी माणसं एका कोपऱ्यात खेटून उभी, आणि ती तिथून कधी हलणारच नाहीत असं समजा. त्यामुळे टँक खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून आणि शक्यतो जिथे खाली बीम आहे तिथे ठेवा, आणि सहा फुटी किंवा त्याहून मोठा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरूच नका.

थेट ऊन येणारी खिडकी टाळा, नाहीतर आयुष्यभर काचेवरचं शेवाळ खरवडत बसाल. मागे पाइपसाठी १०-१५ सेमी जागा सोडा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, स्टँडची उंची ठरवायच्या आधी स्टुलावर न चढता तुमचा हात टँकच्या तळापर्यंत पोचेल का ते मोजून बघा. माझा पोचत नाही, दर वेळी स्टूल.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटतं आपण टँक आणि मासे हलवतोय, पण खरा नाजूक माल असतो फिल्टरच्या त्या काळपट, बुळबुळीत स्पंजमध्ये. मासे सतत अमोनिया सोडतात, जास्त करून कल्ल्यांमधूनच, आणि तो विषारी असतो. फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे बॅक्टेरिया पाण्यात फार कमी तरंगतात, ते चिकटून राहतात स्पंजला, सिरॅमिक रिंगांना, थोडे वाळूला. म्हणून "मी सगळं जुनं पाणी नेलं तरी मासे कसे मेले" असं जे लोक विचारतात त्यांचं उत्तर यात आहे.

माझी चूक ऐका. पहिल्या वेळी मी सकाळी कॅनिस्टर फिल्टर (टँकच्या बाहेर ठेवायचा, बंद डब्याचा) बंद केला, पाण्यासकट, दोन्ही व्हॉल्व्ह लॉक करून, मनात म्हटलं काय हुशार आहे मी, बॅक्टेरिया अगदी ओले राहतील. रात्री नव्या घरात झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. बंद डब्यातला ऑक्सिजन बॅक्टेरियांनीच संपवला होता आणि दहा तासांत आत सगळं कुजायला लागलं होतं. तेव्हा एवढं कळत नव्हतं, दमलो होतो, तसाच फिल्टर जोडला आणि सुरू केला. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, दोन दिवसांत सात टेट्रा आणि एक एंजल गेले.

म्हणून फिल्टर रिकामा करा, स्पंज आणि रिंगा बाहेर काढून उघड्या टबात ठेवा, टँकचंच थोडं पाणी घालून, ओलं राहील एवढंच, बुडवून टाकायचं नाही. झाकण अर्धवट. प्रवास लांबचा असेल तर बॅटरीवरच्या एअर पंपाचा एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) त्यात सोडा. आणि "आता काढलाच आहे तर स्वच्छ धुऊन घेऊ" हा मोह आवरा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या बॅक्टेरियांना मारायलाच बसलंय.

दोन दिवस आधी खाणं बंद. मासे मरत नाहीत दोन दिवसांच्या उपासाने, आईला हे पटत नाही तो भाग वेगळा. पोट रिकामं असलं की बादलीतलं पाणी कमी घाण होतं.

शिफ्टिंगच्या दिवशी पहिलं काम म्हणजे हीटर बंद करणं, पण लगेच बाहेर काढायचा नाही, पाण्यातच अर्धा तास थंड होऊ द्या, गरम हीटर हवेत आला की काच तडकते. मग वाळू न ढवळता वरवरचं स्वच्छ पाणी पाइपने ड्रममध्ये काढून घ्या, तीसचाळीस टक्के पुरे. ड्रम आणि बादल्या कधीच साबण न लागलेल्या हव्यात. मग दगड, लाकूड, झाडं काढा, झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, लाकूड ओल्या टॉवेलमध्ये. मासे पकडायला सगळ्यात शेवटी, पाणी वीतभर राहिल्यावर. भरल्या टँकमध्ये दगडांच्या मागे जाळी फिरवत बसलात तर तुम्हीही दमणार आणि मासेही. प्लेको (तळाला, काचेला चिकटून राहणारा मासा) जाळीत धरू नका, त्याचे काटे अडकतात आणि पिशवीही फाटते, त्याला सरळ डब्यातच घ्या. जवळच जायचं असेल तर झाकणाची बादली आणि एअर पंप बास आहे, लांब असेल तर पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन भरून घ्या, वरून थर्माकोलचा बॉक्स, अंधारात मासे शांत राहतात. भांडखोर मासे वेगवेगळे.

राहिली वाळू. तिच्यात वर्षानुवर्षांची घाण दबलेली असते, तशीच नव्या ठिकाणी ओतली की अमोनिया एकदम वाढतो. टँकच्याच पाण्यात दोनतीनदा खळबळून घ्या.

रिकामा म्हणजे पूर्ण रिकामा टँक. "चार इंच पाणी आणि वाळू राहू दे, चौघं जण उचलतो की" असं म्हणणारा एक तरी मित्र असतोच, त्याचं ऐकू नका, उचलताना तळाची काच वाकते, सिलिकॉनच्या जॉइंटवर पीळ बसतो आणि गळती तिथेच दिसेल असं नाही, आठ दिवसांनी मध्यरात्री दिसते. वरच्या आडव्या काचपट्ट्यांना धरून कधी उचलू नका, खालून हात घाला. गाडीत थर्माकोल शीटवर, उभा, जसा घरात असतो तसाच. आणि हो, टेकवायच्या आधी खालची जागा हाताने पुसा, वाळूचा एक खडासुद्धा काच तडकवायला पुरतो.

नव्या घरी टँक सगळ्यात आधी लावायचा, खोकी नंतर. स्टँडवर पाणसळ लावा, फरक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली, काचेखाली कधीच नाही. साध्या काचेच्या तळाला खाली थर्माकोल किंवा फोम हवा, पण प्लॅस्टिकच्या फ्रेमवर बसणारा टँक असेल तर नको. मग वाळू, चारपाच सेमी पाणी, आणि दोन्ही टोकांना पट्टीने पाण्याची उंची मोजा, ही पाणसळीपेक्षा पक्की परीक्षा. सरळ आहे असं कळल्यावरच पुढे भरा, ताट ठेवून त्यावर पाणी सोडा म्हणजे वाळू उडत नाही. नव्या पाण्यात क्लोरीन काढायचं औषध टाका, रात्रभर ठेवलं की जातं हे क्लोरीनच्या बाबतीत ठीक आहे पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात टाकतात) असेल तर नाही जात. तापमान जुळलं की फिल्टर चालू, मग मासे. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ पडू द्या, थेंब ओघळले तर सॉकेटमध्ये न जाता तिथून खाली पडतील. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं पंपात येऊ न देणारा) हवाच.

पहिल्या दिवशी खाणं नाही, लाइट नाही. पुढे दोन आठवडे थोडंसंच खायला द्या आणि रोज टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट बघा, दोन्ही शून्य हवेत, शून्याच्या वर दिसलं की पाव पाणी बदला. नवे मासे आणायचा विचार सध्या सोडून द्या.

लाकूड प्रवासात वाळलं असेल तर ते बुचासारखं वर तरंगेल, माझं पंधरा दिवस तरंगत होतं. वर एक सपाट दगड ठेवा, आणि तो हळूहळू काढा, एकदम काढलात तर लाकूड उसळून वर येतं आणि हातभर पाणी फरशीवर.