पावसात नेट रडायला लागलं की टर्मिनलातून वेब वाचा

गोव्यात सत्तरीत नाहीतर काणकोणात राहणाऱ्यांना सांगायला नको, जून लागला की लाईट जाते, रेंजची एकच कांडी उरते आणि ब्राऊझरात पान नुसतं गोल गोल फिरत बसतं. अशा वेळी तुम्हाला फक्त मजकूर वाचायचा असेल ना, तर डब्ल्यूथ्रीएम लावा. हा टर्मिनलात, म्हणजे फक्त अक्षरांनी हुकूम टाईप करायच्या खिडकीत चालणारा ब्राऊझर, जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं-चालतं करणारा कोड, चालवत नाही, व्हिडिओ नाही, जाहिरातींचा पसारा नाही, म्हणून पान हलकं होऊन येतं आणि जुना लॅपटॉपसुद्धा धापा टाकत नाही.

तो बसवायला टर्मिनलात टाईप करा: उबुंटू, डेबियन या लिनक्सवर सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पुढे नाव, मोबाईलवर टर्मक्स (अँड्रॉइडवर टर्मिनल देणारं ॲप) असेल तर पीकेजी इन्स्टॉल आणि नाव. हे सगळं रोमनमध्ये टाईप करायचं, आणि नाव म्हणजे डब्ल्यू, मग आकडा 3, मग एम, सगळं जोडून. उघडताना हेच नाव, एक स्पेस आणि साईटचा पत्ता. सुरुवात मराठी विकिपीडियापासून करा, तिथे जावास्क्रिप्टशिवाय वाचता येतं.

आता बटणं, आणि इथे नीट लक्ष द्या कारण कॅपिटल आणि स्मॉल अक्षराचं काम वेगळं आहे. टॅबने पुढच्या लिंकवर, एंटरने आत. स्पेसने पान खाली, स्मॉल बी ने वर, पण कॅपिटल बी म्हणजे मागच्या पानावर. कॅपिटल यू दाबून नवीन पत्ता द्या. तिरकी रेघ दाबून शब्द शोधा, एन ने पुढचा. सर्चच्या चौकटीत लिहायचं तर तिच्यावर जाऊन एंटर, मग खालच्या ओळीत "म्हादई" लिहा, पुन्हा एंटर, आणि शोधाच्या बटणावर जाऊन परत एंटर. बाहेर पडायला क्यू.

बँक, तिकीट बुकिंग असलं काही यात करायला जाऊ नका, जावास्क्रिप्टशिवाय त्या साईट बहुतेक अडतातच.

मराठीचा एक त्रास आहे, बऱ्याच टर्मिनलात जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या सरकतात. आधी लोकेल, म्हणजे टर्मिनलाची भाषेची सेटिंग, यूटीएफ-8 या अक्षरांच्या पद्धतीवर आहे का बघा. तरी नाही जमलं तर कॅपिटल एस दाबा, फाईलला नाव द्या, पान साध्या मजकुरात सेव्ह होतं, ते नेहमीच्या टेक्स्ट एडिटरात उघडलं की अक्षरं व्यवस्थित दिसतात. मला तर हीच सोय सगळ्यात आवडते, रेंज आहे तेवढ्यात चार-पाच लेख असे उतरवून ठेवायचे आणि नेट गेल्यावर सावकाश वाचायचे.