गिंबल कंट्रोलर बोर्डाची जोडणी: वायरीच्या रंगावर विसंबू नये

तीन अक्षांच्या गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा मोटरींच्या साहाय्याने स्थिर ठेवणाऱ्या चौकटीत, मोटरींच्या नऊ, सेन्सरच्या चार आणि बॅटरीच्या दोन अशा किमान पंधरा वायरी कंट्रोलर बोर्डापर्यंत येतात. त्यांपैकी सर्वाधिक नुकसान सेन्सरच्या चार वायरींमुळे होते, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

एमपीयू-६०५० सारखा, कल व हालचाल मोजणारा सेन्सर आय-टू-सी या संवाद-पद्धतीने जोडला जातो आणि त्यासाठी व्हीसीसी (धन वीज), ग्राउंड (ऋण), एससीएल (घड्याळाचा संकेत) व एसडीए (माहिती) या चार पिना लागतात. अडचण अशी, की सॉकेट दिसायला तोच असला तरी पिनांचा क्रम प्रत्येक बोर्डावर तोच असेल असे नाही. दुसऱ्या बोर्डाची केबल अगदी चपखल बसली, एवढ्या भरवशावर मी एकदा वीज दिली. व्हीसीसी आणि ग्राउंड उलटे झाले होते, सेन्सरला बोट लावताच चटका बसला आणि तो सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा कधीच दिसला नाही.

त्यामुळे बॅटरी व यूएसबी दोन्ही काढून, मल्टीमीटर बीपवर (जोड असल्यास वाजणाऱ्या स्थितीत) ठेवून, एक टोक बॅटरीच्या ऋण पॅडला लावावे आणि सॉकेटमधील कोणती पिन वाजते ते पाहावे, ती ग्राउंड. केबलच्या दुसऱ्या टोकाची तीच वायर सेन्सरच्या ग्राउंडवर पोहोचते का, हेही तपासावे. व्हीसीसी मात्र केवळ व्होल्टेज मोजून ओळखू नये, कारण पुल-अप रोधक (संकेताच्या वायरी वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे) बोर्डावर असतील तर एसडीए आणि एससीएल या पिनाही स्वस्थ असताना सुमारे ३.३ व्होल्ट दाखवतात. तेथे बोर्डावरील छापील अक्षरे आणि उत्पादकाची आकृतीच प्रमाण मानावी. एसडीए व एससीएल यांची अदलाबदल झाली तर सहसा काही जळत नाही, फक्त सेन्सर सापडत नाही.

दुसरा सेन्सर फ्रेमवर बसवायचा असल्यास त्याचा पत्ता, म्हणजे बोर्ड त्याला ज्या क्रमांकाने ओळखतो तो, वेगळा हवा: सेन्सरची एडी० पिन ग्राउंडला असेल तर 0x68, आणि उच्च पातळीवर असेल तर 0x69. या वायरी शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, एसडीएला ग्राउंडबरोबर व एससीएलला व्हीसीसीबरोबर पीळ द्यावा आणि मोटरींच्या वायरींपासून दूर न्याव्यात. मधूनमधून सेन्सर हरवण्याचे कारण बहुधा मोटरींचा विद्युत गोंगाट असतो.

मोटरीच्या तीन वायरी कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी चालतात, कारण दिशा सॉफ्टवेअरमध्ये उलटवता येते. मात्र कोणत्याही दोन वायरींमधील रोध सारखाच यायला हवा आणि मोटरीच्या धातूच्या अंगाशी एकही वायर वाजता कामा नये. आकडा वेगळा आला, तर पोकळ शाफ्टमधून वायर जिथे पिळवटते तिथे ती तुटली आहे का, हे पाहावे.

रिमोटचे संकेत घेणाऱ्या रिसीव्हरच्या सर्व्हो केबलमध्ये मधली लाल वायर सहसा धन असते. रिसीव्हरला वीज दुसरीकडून मिळत असेल तर ही लाल वायर काढून ठेवावी. ब्लूटूथ मॉड्यूल जोडताना टीएक्स (पाठवणारी पिन) नेहमी समोरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) जावा.

बॅटरी सर्वांत शेवटी. तीन सेलचा लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक नावाला ११.१ व्होल्टचा असला तरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देतो, तेव्हा बोर्डाची मर्यादा त्या आकड्याशी ताडून पाहावी. यूएसबीवर बोर्ड जागा होतो आणि सेन्सर दिसतो, पण मोटरी फिरत नाहीत. सेन्सर नीट दिसल्याशिवाय बॅटरी लावूच नये. कॅमेरा हाताने समतोल करून, सॉफ्टवेअरमधील मोटरींच्या पॉवरचा आकडा कमी ठेवून बॅटरी लावावी आणि पाच मिनिटांनी मोटरींना हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर आकडा आणखी खाली आणावा.