पीकशास्त्र आणि टर्फग्रासची इंटर्नशिप: या चुका टाळा

इंटर्नशिप करून परतलेल्या विद्यार्थ्याला मी आधी एकच प्रश्न विचारतो. तिथल्या फवारणी यंत्रातून हेक्टरी किती लिटर पाणी पडत होतं? बहुतेक जण गप्प होतात. यंत्र रोज डोळ्यांसमोर होतं, पण आकडा वहीत उतरला नाही. प्रमाणपत्र मिळतं आणि शिकायचं ते तिथेच राहून जातं.

हंगाम न बघता जागा धरणे

टर्फग्रास म्हणजे मैदानावरचं हिरवळीचं गवत. ते दोन स्वभावांचं असतं. बर्म्युडा, म्हणजे हरळी, उन्हाळ्यात जोमाने वाढते. बेंटग्रासला थंड हवा मानवते, भर उन्हाळ्यात ते कसंबसं तग धरतं. (शेतात जी हरळी आपण तण म्हणून खणून काढतो, तीच मैदानावर पीक असते. पिकांकडून टर्फकडे येणाऱ्याने हे आधी पचवावं.) तेव्हा अर्ज करण्यापूर्वी विचारा, 'मी असेन त्या आठवड्यांत तिथे नेमकी कोणती कामं चालतील?' सहा आठवड्यांत पेरणी ते काढणी दिसणार नाही, त्यामुळे कोणता टप्पा बघायचा ते आपणच ठरवायचं. अर्जही हंगामाच्या बराच आधी जायला हवा. पेरणीची धांदल सुरू झाली की कुणाला पत्र वाचायला उसंत नसते.

मोठ्या नावाला भुलू नका. लहान जागी यंत्र हाताळायला लवकर मिळतं.

एककांचा घोळ

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पिकांचा हिशेब हेक्टरी, टर्फचा बहुधा चौरस मीटरवर. समजा, चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र द्यायचं आहे, म्हणजे हेक्टरी 50 किलो. युरियात नत्र 46 टक्के, म्हणून युरिया लागेल सुमारे 109 किलो, चौरस मीटरला जेमतेम 11 ग्रॅम. 'नत्र' आणि 'युरिया' यांत गल्लत झाली की मात्रा निम्म्यावर येते किंवा दुपटीच्या वर जाते. दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकलं तर गवत जळतंच.

फवारणीचं सूत्र पाठ करा: एका नोझलमधून (फवारा सोडणाऱ्या तोटीतून) मिनिटाला पडणारे लिटर गुणिले 600, भागिले ताशी वेग (किलोमीटर) आणि नोझलमधलं अंतर (मीटर) यांचा गुणाकार. नोझल मिनिटाला 0.8 लिटर देतं, वेग 6, अंतर अर्धा मीटर, तर हेक्टरी 160 लिटर. उत्तर अपेक्षेप्रमाणे येत नसेल तर प्रत्येक नोझलखाली मापपात्र धरा. एखादं नोझल सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे असेल तर आधी साफ करा, तरी फरक राहिला तर बदला. आणि औषधाच्या लेबलवरची मात्रा, संरक्षक साधनं आणि फवारणीनंतर किती वेळ आत जायचं नाही हे स्वतः वाचा. सोबत्याने तोंडी सांगितलं एवढ्यावर डबा उघडू नका.

चूक झाकणे

सरळ रेषेत गवत मेलेलं दिसलं तर रोगाआधी माणसाच्या हाताचा संशय घ्यावा, कारण बुरशी पट्टी लावून पसरत नाही. कापणी यंत्राच्या मागे बारीक करपलेली रेघ असेल तर हायड्रॉलिक तेलाची गळती तपासा. फिकट-गडद पट्टे आले तर खत टाकताना पट्टा सुटला किंवा दुहेरी पडला. अर्धी मात्रा उभी आणि अर्धी आडवी टाकली की हा दोष बराच कमी होतो. गवताच्या पात्यांची टोकं फाटून पांढुरकी झाली तर कापणी यंत्राची धार गेलेली आहे. दंव गोठलेल्या हिरवळीवर चाललात तर पावलांचे ठसे नंतर तपकिरी उमटतात.

यातलं काहीही तुमच्या हातून झालं तर त्याच क्षणी वरिष्ठांना सांगा. गळती लगेच कळली तर यंत्र तिथेच थांबवता येतं. दोन दिवसांनी कळली तर तोवर ते सगळ्या मैदानावर फिरलेलं असतं. ओरडा बसेल, पण खरं सांगणाऱ्याच्याच हाती पुन्हा किल्ली देतात.

'मला नुसतं झाडायला लावतात'

ही तक्रार फार ऐकू येते आणि कधीकधी खरीही असते. पहिले दोन आठवडे ते काम नीट करा, मग नेमकी मागणी ठेवा: 'उद्या माती नमुने घेताना मी येऊ का?' 'काहीतरी शिकवा' म्हटलं की कुणालाच काही सुचत नाही. साध्या कामातही 'का' विचारा. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू टाकायच्या भोकाभोवतीच्या हिरवळीवर, गवत सुमारे 3 मिलिमीटर ठेवतात. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, म्हणजे ते 4.5 मिलिमीटरच्या वर जायच्या आत यंत्र फिरायला हवं. रोजच्या पहाटेच्या कापणीमागे हे गणित आहे.

वहीत रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, हवामान, काम, मात्रा, आणि चार दिवसांनी काय दिसलं. पाचवी नोंद बहुतेक जण गाळतात. फोटोही दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढा, नाहीतर आधीचा आणि नंतरचा ताडून बघता येत नाही.