जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स घरच्या घरी कसा बदलावा

काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री वाहून वाहून आमची पिकअप थकली होती. मागच्या हिवाळ्यात तिसरा गिअर सुटायला लागला. भरली गाडी चढाला लागली की लिव्हर आपसूक न्यूट्रलमध्ये येऊन पडायचा. आम्ही गिअरबॉक्स अंगणातच उतरवला आणि दुसरा चढवला. उतरवायला एक दिवस लागला. दुसरा दिवस जवळजवळ सगळा शेवटच्या अर्ध्या इंचात गेला. त्या अर्ध्या इंचाबद्दल आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं, तर आमचं नुकसान टळलं असतं.

इथली माहिती मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या पिकअपची आहे. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) असतो, त्यामुळे तिचं काम वेगळं आणि जास्त जड.

आधी खात्री करा

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर एकही पडत नाही, तर दोष बहुतेक क्लचचा असतो, गिअरबॉक्सचा नाही. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर पुढच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बहुतेक गेलेलं असतं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बघा. आणखी एक खूण फार उपयोगी आहे. बहुतेक पिकअपमध्ये चौथा गिअर सरळ जोडलेला असतो, म्हणजे ताकद खालच्या ले शाफ्टमधून (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या, समांतर दांड्यातून) जात नाही. बाकी गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांतता, असं असेल तर ले शाफ्ट किंवा त्याची बेअरिंगं संपली असं समजा.

जुना गिअरबॉक्स कबाडीकडून घेणार असाल तर आपल्याच मॉडेलचा घ्या आणि पक्कं बिल मागा. इनपुट शाफ्टचे दाते मोजा, जुन्या क्लच प्लेटमध्ये शाफ्ट सरकतो का ते तिथेच बघा. प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवा. बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिनला जुळणाऱ्या घंटेसारख्या पुढच्या भागाचे, कान (बोल्टाच्या भोकांचे उंचवटे) ओल्या फडक्याने पुसून तडे शोधा, मातीखाली तडा सहज लपतो.

जागा आणि वेळ

नागपुरात हे काम डिसेंबर-जानेवारीत काढा. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा पाना हातात धरवत नाही आणि घामाने निसटतो. उन्हाळ्यातच करावं लागलं, तर पहाटे पाचला सुरू करून दहाला थांबा.

जमिनीचं भान त्याहून महत्त्वाचं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. जॅक तिच्यात कसा तिरपा रुततो, ते डोळ्यांना कळतही नाही. सिमेंटचा किंवा फरशीचा सपाट कोबा हवा. जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी उभी राहील ती चार लोखंडी स्टँडवर. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात लावू नका, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. स्टँड लावल्यावर खाली शिरण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. चाकं जमिनीवर असेपर्यंत त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले असू द्या. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) निघाला की गाडी गिअरवर थांबत नाही, आणि काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागेच असतो, म्हणजे तोही जातो.

उतरवणे

बॅटरीची निगेटिव्ह तार सगळ्यात आधी काढा.

मग तेल. इथे क्रम पाळा: आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल सांडून मोकळे झालात, तर भरणार कुठून? खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज असते. पितळी चकाकी दिसली तर सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या, रिंगा झिजल्या आहेत. धातूचा टोकदार तुकडा मिळाला, तर दाताच तुटलाय. जुनं तेल कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल घेणाऱ्याला द्या. नालीत टाकलं की ते नाग नदीत जाऊन मिळतं.

केबिनमधून गिअर लिव्हर काढा आणि उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टांनी जोडलेल्या चकत्यांवर) रंगाची एक सरळ रेघ मारा. बसवताना रेघेला रेघ मिळाली नाही तर वेगात गाडी थरथरते. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) काढा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा) पाइपसकट बाजूला काढून तारेने बांधा. पाइप सोडला नाही तर पुढे हवा काढायचं काम वाचतं. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की क्लचच्या पेडलला पाय लावायचा नाही, दाबला तर पिस्टन बाहेर येतो.

बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर आतले आटे जातात. आम्ही संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर पेनाने हाउसिंगचा आकार काढला आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी खोचत गेलो. दुसऱ्या दिवशी एकही बोल्ट शोधावा लागला नाही.

आता इंजिनला आधार द्या. मागचं माउंटिंग क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर), म्हणजे गिअरबॉक्सखाली असतं. ते काढलं की इंजिन मागे कलतं. इंजिनखाली जाड फळी ठेवून जॅक लावा, ऑइल चेंबरच्या पत्र्यावर थेट नको. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावून त्याला पट्ट्याने बांधा. समोरासमोरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत ठेवा. वजन जॅकवर पूर्ण आलं की तेही काढा आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. दोन माणसं हवीतच. शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत गिअरबॉक्स खाली कलू देऊ नका, नाहीतर सगळं ओझं त्या पातळ प्लेटवर येतं.

गिअरबॉक्स खाली आहे, तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं (इंजिनच्या मागच्या जड चाकातलं) पायलट बेअरिंग, ज्यात इनपुट शाफ्टचं टोक बसतं, बदलून टाका. इंजिनच्या मागच्या सीलला ओल असेल तर तेही. पुन्हा खोलायची मेहनत या सामानापेक्षा महाग पडते. आतली काळी धूळ हवेने उडवू नका, जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

शेवटचा अर्धा इंच

क्लच प्लेट बसवताना ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडे ठेवा. प्लेट बरोबर मध्यावर आणायला डमी शाफ्ट (इनपुट शाफ्टसारखा नकली दांडा) लागतो. तो नसेल तर जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट काढून वापरतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. डमी शाफ्ट बोटांनी सहज आत-बाहेर सरकला पाहिजे, अडकला तर बोल्ट सैल करून पुन्हा.

दोन लांब बोल्टांची डोकी कापा, टोकावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि ते इंजिनच्या भोकांत समोरासमोर फिरवून बसवा. गिअरबॉक्स या दोन दांड्यांवरून रुळावरून सरकावा तसा पुढे जातो. शाफ्टच्या दात्यांना बोटभर नव्हे, पुसटसं ग्रीस लावा, जास्त लावलं तर ते प्लेटवर उडतं.

आमचा गिअरबॉक्स अर्धा इंच बाकी असताना थांबला. दिवस कलला होता, म्हणून मी चार बोल्ट लावून आवळायला घेतले. फट कमी होत होती, तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज आला. खालच्या कानाला केसाएवढा तडा गेला होता. शेजारच्या मिस्त्रीकाकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘बोल्टानं वढू नको बापू. डब्बा आपल्या पायानं आत गेला पायजे.’ कान वेल्डिंग करून घ्यावा लागला, आणि काढल्यावर प्लेटचा मधला हब वाकलेला निघाला. प्लेट पुन्हा नवी.

म्हणून, फट राहिली की थांबा. तिच्यात चारही बाजूंनी बोट घालून बघा. वर जास्त आणि खाली कमी असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नाहीत. जॅक पावपाव इंच वर-खाली करा. फट सगळीकडे सारखी असेल, तर दाते जुळत नाहीत: गिअर टाका आणि मागची फ्लँज हाताने हळूहळू फिरवत राहा, साथीदाराने गिअरबॉक्स पुढे हलकासा दाबून धरावा. तरीही जात नसेल तर प्लेट मध्यावर नाही. मागे काढा आणि पुन्हा मध्य साधा. रेष जुळली की गिअरबॉक्स मऊ ‘ठप्प’ आवाज करून बसतो. बोल्ट त्यानंतर.

तेल आणि पहिली फेरी

बाकीचं उलट क्रमाने. तेल गाडीच्या पुस्तकात असेल तेच भरा, गाडी सपाट असताना, भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत. अनेक जुन्या पिकअपना ८०डब्ल्यू-९० (तेलाचा जाडपणा), जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा) चालतं. ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ टाकू नका, त्यातली काही द्रव्यं पितळी रिंगांना खातात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, पेडलची ढिलाई तपासा, मग मागची चाकं अधांतरी असताना चालू करून बघा. रस्त्यावर आधी रिकामी गाडी न्या. आम्ही सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसरा गिअर टाकला आणि लिव्हरवरून हात काढला. लिव्हर हलला नाही. आठवड्याने बेल हाउसिंग, क्रॉस मेंबर आणि शाफ्टचे बोल्ट परत तपासा, आणि गाडी रात्री उभी राहते तिथे पुठ्ठा अंथरून सकाळी तेलाचा थेंब पडलाय का ते बघा.