पारिया कॅन्यनचा मुक्कामी ट्रेक कसा आखावा

अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या व्हाइट हाऊस ट्रेलहेडपासून (जिथून पायवाट सुरू होते) शेजारच्या ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत पारिया कॅन्यनची, म्हणजे पारिया नदीच्या खोल, अरुंद दरीतली वाट सुमारे 61 किलोमीटरची आहे. एकूण अंतराला दिवसांनी भागून मुक्काम ठरवायची सवय इथे बाजूला ठेवा. इथे मुक्काम पाणी ठरवतं.

आधी नकाशावर झऱ्यांच्या खुणा करून घ्या. वरून येताना पहिला भरवशाचा झरा, बिग स्प्रिंग, जवळपास 19 किलोमीटरवर लागतो. खालच्या टोकाला, शेवटच्या खात्रीच्या झऱ्यापासून लीज फेरीपर्यंतही साधारण 20 किलोमीटर कोरडे समजा. नदीत पाणी दिसेल, पण वरच्या अंगाला शेतं आणि गुरं आहेत, शिवाय गाळ इतका की फिल्टर लगेच तुंबतो. अगदीच वेळ आली, तर ते रात्रभर निवळू द्या आणि मगच गाळा. माणशी दिवसाला किमान 4 लिटर धरा. पाठीवर तेवढेच किलो वाढतात, म्हणून पहिला दिवस लांबचा ठेवताना नीट विचार करा.

मग तारखा. जुलै ते सप्टेंबर टाळाच. 12 ऑगस्ट 1997 रोजी जवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 जण पुरात गेले, आणि पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर दूर. पारियाचं पाणी ब्राइस कॅन्यनच्या बाजूने येतं, तेव्हा अंदाज तिकडचा बघा. डोक्यावरचं निळं आभाळ काहीच सांगत नाही. अरुंद भागात, जिथे दोन्हीकडे सरळ कडे आहेत, तिथे मुक्काम धरू नका. उंच वाळूचा कट्टा दिसला की थांबा.

मुक्कामी परमिट आधीच काढावं लागतं आणि रोज मोजक्याच लोकांना मिळतं. शेकोटीला बंदी आहे. शौचाच्या पिशव्या बरोबर न्यायच्या आणि भरलेल्या परत आणायच्या.

चालणं एका दिशेने आहे, म्हणून एक गाडी आधीच लीज फेरीला लावा किंवा शटल ठरवा. हाऊस रॉक व्हॅली रस्त्याने जवळ पडतं खरं, पण तो कच्चा आहे; पावसात चिकणमातीत चाकं रुततात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर डांबरी रस्त्याने वळसा घ्या.

आत फोन लागत नाही. घरी एका माणसाकडे मार्ग, मुक्काम, गाडीचा नंबर आणि 'या वेळेपर्यंत कळवलं नाही तर शेरीफला (तिथल्या पोलीस प्रमुखाला) फोन कर' असं लिहून द्या. वेळ लिहिताना राज्याचं नावही लिहा: उन्हाळ्यात यूटाची घड्याळं ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतात.